पाणी कोणाकोणाचे? पाणथळ जागांविषयी एक अभ्यास



निसर्गाची निगा हा विषय निघाला की आपल्या मराठवाड्यात एक प्रश्न हमखास पुढे येतो : "फादर, इथे माणसाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही पाखरांच्या पाण्याचं काय सांगता?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, अनुभवाचा आहे. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या माउलीला पक्ष्यांच्या अभयारण्याचे कौतुक कसे वाटावे?

म्हणून या प्रश्नाला बगल न देता तोच आजच्या अभ्यासाचा विषय करू. पाणी माणसाला द्यायचे की पाखराला? की मुळात प्रश्नच असा विचारणे चुकीचे आहे? उत्तर शोधण्यासाठी आपल्या गोदावरीच्या काठाने थोडे वर जाऊ.

१. पाणथळ म्हणजे काय?

जिथे जमीन आणि पाणी एकमेकांत मिसळते, जिथे वर्षातला काही काळ तरी जमिनीवर उथळ पाणी राहते किंवा माती चिंब असते, ती पाणथळ जागा. दलदल, तळ्याचा काठ, नदीचे पात्र पसरते तो भाग, खाडी या सगळ्या पाणथळ जागाच. इराणमधल्या रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी अशा जागा राखण्यासाठी देशादेशांचा एक करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. जगात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागांना 'रामसर स्थळ' म्हणतात ते त्यामुळेच, आणि २ फेब्रुवारी हा 'जागतिक पाणथळ दिन' म्हणून पाळला जातो.

चिखल म्हटले की आपण नाक मुरडतो. पण हा चिखल फार मोठे काम करतो. पुराचे पाणी तो पसरवून घेतो आणि हळूहळू सोडतो. वरून वाहत आलेला गाळ तिथे खाली बसतो. शेतातून आलेल्या खतांचा अंश पाणवनस्पती शोषून घेतात आणि चिखलातले सूक्ष्म जीव नायट्रेटचे वायूत रूपांतर करून तो हवेत सोडतात. माशांची पिल्ले याच उथळ पाण्यात वाढतात. म्हणजे पाणथळ ही नदीची गाळणी आहे, साठवण आहे आणि पाळणाही आहे. वरच्या गावाची गाळणी बिघडली, तर खालच्या गावाच्या घड्यात काय येणार हे सांगायला नको.

२. नांदूर मध्यमेश्वर : गाळातून झालेले अभयारण्य

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. तिथे इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एक दगडी बंधारा बांधला गेला. हेतू सरळ होता. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी अडवायचे आणि कालव्यांनी निफाड, येवला, कोपरगाव, राहाता या भागांतल्या शेतीला द्यायचे. पाखरांचा विचार कोणाच्याही मनात नव्हता.

पण नदी नुसते पाणी आणत नाही, मातीही आणते. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. पाणी उथळ झाले, मध्ये बेटे झाली, काठाला पाणकणीस आणि लव्हाळे माजले. इंजिनिअरच्या वहीत याला 'साठवणक्षमता घटली' असे लिहितात, आणि ते खरेच आहे. पाखरांना मात्र इथे घर मिळाले. थंडी पडली की लडाख, तिबेट, मध्य आशिया, सैबेरिया अशा दूरदूरच्या मुलखांतून बदके आणि हंस इथे उतरू लागले. हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब हंस, नारिंगी रंगाचा चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, आणि बारमाही राहणारी जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, चित्रबलाक असे २४० हून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. १९८६ साली ती अभयारण्य म्हणून जाहीर झाली. जानेवारी २०२० मध्ये तिचे नाव रामसर यादीत जाहीर झाले. महाराष्ट्रातले ते पहिले रामसर स्थळ. त्यानंतर २०२० मध्येच लोणार आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी त्या यादीत आली.

इथे क्षणभर थांबू. तत्त्वज्ञानात वस्तूचा हेतू हा महत्त्वाचा धडा असतो. ही वस्तू कशासाठी आहे, असे विचारायला तो शिकवतो. बंधारा शेतीसाठी होता, हे बरोबर. पण माणसाने ठरवलेला हेतू हा त्या जागेचा एकमेव हेतू ठरला नाही. माणसाने एक दार उघडले आणि त्या दारातून हजारो पाहुणे आत आले. आता 'तुम्हाला बोलावले नव्हते' म्हणून त्यांना हाकलायचे की त्यांच्यासाठीही ताट वाढायचे, हा प्रश्न आपल्यापुढे आहे.

३. जायकवाडी : आपल्या दारापर्यंत आलेले पाणी

नांदूर मध्यमेश्वरहून गोदावरी पुढे पैठणला येते. तिथल्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली झाली आणि १९७६ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ७६ टीएमसी उपयुक्त साठ्याचा हा नाथसागर. त्याचा डावा कालवा सुमारे २०८ किलोमीटर लांब असून तो छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतून आपल्या परभणी जिल्ह्यातल्या शिवारांत येतो. या पाण्यासाठी शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली. आपल्या उसाच्या आणि गव्हाच्या मागे कोणाचे तरी घर बुडाले आहे, हे आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवले पाहिजे.

नाथसागर पसरट आहे. त्यामुळे पाणी ओसरू लागले की मैलच्या मैल उथळ काठ उघडा पडतो आणि तिथे रोहित पक्षी, शेकाटे, चमचे, करकोचे जमतात. १९८६ साली हा जलाशयही पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर आहे.

म्हणजे एकाच नदीवर, एकामागोमाग एक, दोन अभयारण्ये आहेत आणि दोन्ही माणसाच्या हातच्या कामातून झालेली आहेत. 'निसर्ग म्हणजे जिथे माणूस नाही ती जागा' ही समजूत इथे टिकत नाही. माणसाने बांधले, नदीने भरले आणि निर्मितीने आपला संसार थाटला.

४. जागा कशी बिघडते, कशी सावरते?

अभयारण्याची पाटी लावली की काम संपत नाही. पाणथळ जागा राखण्याची कामे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले काम पाण्याच्या पातळीचे. शेकाट्याला घोट्याएवढे पाणी लागते, तलवार बदकाला डोके बुडवून तळ गाठता येईल एवढे, आणि बुडी मारणाऱ्या बदकाला खोल. पाणी एकदम सोडले तर काठ कोरडा पडतो, एकदम भरले तर बेटावरची घरटी बुडतात. म्हणून किती पाणी आहे याबरोबरच ते केव्हा आणि किती वेगाने चढते-उतरते हेही पाहावे लागते.

दुसरे काम गाळाचे. थोडा गाळ पाणथळ घडवतो, फार गाळ तिला बुजवतो. म्हणून सरसकट उपसा करूनही चालत नाही आणि दुर्लक्ष करूनही चालत नाही. कुठला भाग खोल ठेवायचा आणि कुठला उथळ, हे ठरवावे लागते. वरच्या शेतांत बांधबंदिस्ती झाली तर गाळ मुळातच कमी येतो.

तिसरे काम तणांचे. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी पाण्यावर हिरवी चादर पसरते. दिसायला सुंदर, निळ्या फुलांची. पण तिच्याखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. काठाला बेशरम माजते. जलपर्णी काढायला माणसे आणि यंत्रे लागतात आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर होते. का? कारण तिचे खाद्य चालूच राहते. नाशिकसारख्या वाढत्या शहराचे सांडपाणी आणि शेतातले खत नदीत येत राहील, तोवर जलपर्णी येत राहील. फरशी पुसत राहायचे आणि नळ मात्र चालूच ठेवायचा, अशातला हा प्रकार आहे. ताप म्हणजे रोग नव्हे, रोगाचे लक्षण. वैद्य कारणावर औषध देतो.

चौथे काम माणसांचे, आणि ते सर्वांत नाजूक. नाथसागराचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. ती करणाऱ्यांत धरणात जमीन गेलेली कुटुंबेही आहेत. भोई बांधवांचे पोट त्याच पाण्यावर आहे. त्यांना 'पक्ष्यांचे शत्रू' म्हणून बाजूला सारले तर ना न्याय होईल ना रक्षण. गाळपेरीत वापरलेले कीटकनाशक पाणी चढल्यावर त्याच पाण्यात जाते, हे मात्र त्यांना विश्वासात घेऊन सांगावे लागेल. नांदूर मध्यमेश्वरला आसपासच्या गावांतले तरुण पाहुण्यांना पक्षी दाखवण्याचे काम करतात. ज्याच्या घरी पाखरामुळे चार पैसे येतात, तो पाखराचा पहारेकरी होतो.

५. प्रत्येक जागेचा स्वभाव

आपल्याला आणखी एक रामसर स्थळ जवळ आहे. मंठ्याच्या वाटेने गेले की बुलढाणा जिल्ह्यातले लोणार लागते. उल्कापाताने झालेले ते सरोवर खारट आणि क्षारयुक्त आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा कोणी काही, कोणी काही अर्थ लावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचे दिसले.

लोणारचा धडा वेगळा आहे. तिथे गोडे सांडपाणी मिसळले तर लोकांना वाटेल, बरे झाले, पाणी वाढले. पण खारेपणा हाच त्या सरोवराचा प्राण आहे. तो गेला की तिथले जगावेगळे जीव गेले. ॲरिस्टॉटल शिकवतो की प्रत्येक वस्तूला आपला स्वभाव असतो आणि तिचे भले त्या स्वभावाच्या पूर्णत्वात असते. नांदूरचे भले गोड्या, उथळ पाण्यात, लोणारचे भले खाऱ्या पाण्यात. चांगले करू इच्छिणाऱ्याने आधी समोरच्याचा स्वभाव समजून घ्यावा, हे घरातल्या लेकरांनाही लागू आहे आणि तळ्यालाही.

६. मग त्या प्रश्नाचे उत्तर काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणूस आधी की पाखरू?

ख्रिस्तसभेची शिकवण इथे डळमळीत नाही. माणूस देवाच्या प्रतिमेत घडवलेला आहे. तहानलेल्या माणसाला पाणी देणे हे प्रभू येशूलाच पाणी देणे आहे. तेव्हा प्यायच्या पाण्याचा पहिला हक्क माणसाचा, यात शंका नाही.

पण जरा हिशेब पाहा. पाखरू पाणी घेऊन जात नाही. ते पाण्यात उतरते, चरते आणि उडून जाते. पाणी तिथेच राहते. गोदावरीचे पाणी आपल्याला कमी पडते ते हंसांमुळे नव्हे. वरच्या भागात आणि खालच्या भागात, ऊस आणि ज्वारीत, कारखाना आणि घरात, शहर आणि खेड्यात वाटप कसे होते, यावर ते ठरते. २००५ साली महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि टंचाई सर्वांनी वाटून घ्यावी हे तत्त्व त्यात आले. त्याच्या आधारे वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते. २०१५, २०१८ आणि २०२३ साली असे पाणी सोडले गेले आणि दर वेळी वाद झाला. हा वाद माणसामाणसांतला आहे. त्याचा राग पाखरावर काढणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

उलट, पाखरे निघून जातात तेव्हा सावध व्हावे. मासे संपले, पाणी सडले, काठ बुजला, म्हणून ती जातात. तेच पाणी पुढे आपल्या कालव्यात आणि विहिरीत यायचे असते. पाखरू हे पाण्याच्या प्रकृतीची नाडी आहे.

पवित्र शास्त्रही हाच समतोल शिकवते. उत्पत्तीच्या पुस्तकात पाण्यातल्या जीवांना आणि पाखरांना देवाचा आशीर्वाद मिळतो तो माणूस निर्माण होण्याच्याही आधी. नंतर माणसाला बागेत ठेवले जाते ते तिची मशागत करण्यासाठी आणि तिची राखण करण्यासाठी. दोन्ही कामे एकाच आज्ञेत आहेत, हे विसरू नये. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात तर एक छोटा नियम आहे. वाटेत पाखराचे घरटे सापडले तर पिल्ले घेण्याची मुभा आहे, पण त्यांच्यावर बसलेल्या आईला जाऊ द्यायचे आहे. वापर करा, पण मूळ संपवू नका. पाणथळीच्या व्यवस्थापनाचे सारे शास्त्र या एका नियमात सामावले आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी विचारले होते की देवाने इतक्या नाना प्रकारचे जीव का निर्माण केले. त्यांचे उत्तर असे की देवाचा चांगुलपणा कोणत्याही एका जीवात मावणारा नाही. एकात जे उणे राहते ते दुसऱ्यात दिसते. म्हणून एक जात नाहीशी होते तेव्हा देवाच्या चांगुलपणाची एक खिडकी बंद होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रात याच विचाराला आधुनिक रूप दिले आणि बजावले की गरिबांचे दुःख आणि पृथ्वीचे दुःख वेगवेगळे नाही. गोदाकाठी हे स्पष्ट दिसते. नदी सडते तेव्हा आधी भोयाचे जाळे रिकामे येते, मग पाखरू जाते. बाटलीबंद पाणी विकत घेणाऱ्याला ते सर्वांत शेवटी कळते.

७. सेलूत आपण काय करावे?

आपली दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. आपल्याच तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना प्रकल्पाचा जलाशय आहे. एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. २०१७ च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय 'पाणथळ' या व्याख्येतून वगळले आहेत. जायकवाडी अभयारण्य असल्यामुळे त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार आहे. निम्न दुधनेला पाणथळ म्हणून असे खास कवच नाही. तिच्या काठाची राखण कोण करील, हे काठावरच्या लोकांवरच अवलंबून आहे, म्हणजे आपल्यावर.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो.

शेतकरी बांधवांनी फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे ओढ्यात किंवा नदीत धुऊ नयेत. रिकाम्या बाटल्या काठावर टाकू नयेत. युरिया लागेल तेवढाच द्यावा. जास्तीचा पिकाला नाही, ओढ्याला मिळतो. ओढ्यालगतची दोन-चार हात पट्टी गवताची राहू द्यावी. ती माती धरते.

मासेमारी करणाऱ्यांनी फार बारीक आसाचे जाळे टाळावे, म्हणजे पिल्ले सुटतील आणि पुढच्या वर्षी मासे मिळतील. काठावरचे पाणकणीस पेटवू नये. पाखरांना फासे लावणे कायद्याने गुन्हा आहे आणि विवेकानेही.

तरुणांनी थंडीत एखाद्या रविवारी, मिस्सानंतर, जलाशयाच्या काठी जाऊन पाखरे मोजावीत. वहीत तारीख, जात, संख्या लिहावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की त्या वन विभागाला आणि ग्रामपंचायतीला दाखवता येतील. नुसत्या तक्रारीपेक्षा नोंदवहीला जास्त वजन असते. आपल्या इतर धर्मीय मित्रांनाही सोबत घ्यावे. पाणी सर्वांचे आहे.

आणि माता-भगिनींनो, पाण्याचा हिशेब तुमच्याइतका कोणाला कळतो? धुण्याचे पाणी झाडाला, झाडाखालचा पाचोळा खताला, ही शिस्त तुम्हीच लेकरांना लावता. तीच शिस्त गावाला लागली तर नदी वाचेल.

८. कुटुंबात बसून विचार करा

(अ) आपल्या लहानपणी ओढ्यात, तळ्यात कोणते मासे आणि पाखरे दिसत? आज त्यांतली कोणती दिसत नाहीत? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

(आ) आपल्या घरचे सांडपाणी शेवटी कुठे जाते? त्याची वाट एकदा पायी चालून पाहा.

(इ) आपल्यापेक्षा खालच्या अंगाला राहणाऱ्या गावाला आपण कसे पाणी पाठवतो? वरच्या गावाकडून जी अपेक्षा करतो, ती आपण पाळतो का?

हा तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. नदीच्या काठी राहणारा प्रत्येक माणूस कोणाच्या तरी खाली असतो आणि कोणाच्या तरी वर. वरच्याकडे न्याय मागताना खालच्याला न्याय द्यायचा असतो, आणि त्या खालच्यांत माणसे आहेत, गुरे आहेत, मासे आहेत आणि हिमालय ओलांडून आलेला हंसही आहे. पाच चिमण्या अगदी कवडीमोलाने विकल्या जात, तरी पित्याला त्यांतल्या एकीचाही विसर पडत नाही, असे प्रभूने आपल्याला सांगितले. ज्यांना पिता विसरत नाही, त्यांना त्याच्या लेकरांनीही विसरू नये.

प्रभू आपल्या शिवाराला वेळेवर पाऊस देवो आणि मिळालेले पाणी वाटून घेण्याची बुद्धी देवो.